ॲक्रिलिक एक, थिनर तीन: स्केल मॉडेलच्या रंगात काय मिसळायचं

टेबलावर स्केल मॉडेल, म्हणजे विमानं-गाड्यांच्या प्रमाणबद्ध छोट्या प्रतिकृती, रंगवायच्या तीन बाटल्या आहेत: टामियाची एक्सएफ मालिकेतली, व्हॅलेहोची मॉडेल कलर आणि जीएसआय क्रेऑसची मिस्टर कलर. तिन्हींतलं रेझिन ॲक्रिलिक जातीचंच. पण आयसोप्रोपिल अल्कोहोल, म्हणजे आयपीए, पहिलीत टाकलं तर रंग छान पातळ होतो. दुसरीत टाकलं तर दह्यासारख्या गुठळ्या होतात. तिसरीत टाकून काही उपयोग नाही. दुकानात ‘ॲक्रिलिकचं थिनर द्या’ असं म्हटलं की गोंधळ सुरू होतो तो इथेच. बाटलीवरचा ‘ॲक्रिलिक’ हा शब्द रेझिनबद्दल सांगतो. ते रेझिन कशात विरघळवलंय किंवा कशात तरंगत ठेवलंय, हे तो सांगत नाही. आणि थिनर ठरतं ते नेमकं त्यावर.

रंगात मुख्यतः तीन गोष्टी असतात. रंगद्रव्याची बारीक पूड, ती पूड पृष्ठभागाला धरून ठेवणारं रेझिन, आणि हे सगळं वाहतं ठेवणारा द्रव. थिनरने त्या द्रवाशी जुळवून घ्यायचं असतं. हा द्रव आणि रेझिन यांचं नातं तीन तऱ्हांचं असतं, आणि तिन्हींचे नमुने घरातच सापडतात.

लॅकर म्हणजे साखरेचा पाक. साखर पाण्यात खरोखर विरघळलेली असते. पाणी उडालं की साखर उरते, पुन्हा पाणी घाला, पुन्हा विरघळते. वाळलेला लॅकर त्याच्या थिनरने कधीही परत विरघळतो. पाण्यात बनवलेलं ॲक्रिलिक म्हणजे दूध. त्यात रेझिनचे सूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात, विरघळलेले नसतात. पाणी उडालं की ते कण एकमेकांना चिकटून पापुद्रा बनतो आणि मग पाणी घालून तो परत सुटत नाही. चुकीचा द्रव पडला तर हे दूध फाटतं. इनॅमल म्हणजे स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्ट फॅनवर बसलेला तेलाचा चिकटा. द्रव उडून तो थोडा आळतो, पण खरा टणक होतो तो हवेतला ऑक्सिजन शोषून. म्हणून इनॅमल हाताला काही तासांत कोरडं लागलं तरी पूर्ण पिकायला कित्येक दिवस घेतं.

टामियाचं प्रकरण

सगळ्यात जास्त प्रश्न टामियाबद्दल येतात. एक्स म्हणजे चकचकीत आणि एक्सएफ म्हणजे मॅट ही ॲक्रिलिक मालिका पाण्यात मिसळते, पण ती व्हॅलेहोसारखं ‘दूध’ नाही. तिच्यात अल्कोहोल आणि ग्लायकॉल इथर असतात, त्यामुळे स्वभावाने ती लॅकरच्या जवळची. मिस्टर हॉबीची ॲक्वियस मालिका, बाटलीवर एच आणि क्रमांक असलेली, हीसुद्धा याच घराण्यातली.

या रंगाला चार द्रव चालतात आणि प्रत्येकाचा निकाल वेगळा येतो.

पाणी चालतं, पण फारसं भलं करत नाही. पृष्ठताण जास्त असल्याने प्लॅस्टिकवर थेंब गोळा होतात आणि वाळायला वेळ लागतो. हाताने रंगवताना थोडं चालवून घ्यावं, एअरब्रशमध्ये, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या छोट्या पिचकारीत, टाळावं.

९९ टक्क्यांचं आयपीए इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात सहज मिळतं. मॅट रंगाला आणि कॅमोफ्लाजच्या बारीक रेषांना ते उत्तम. पण ते फार लवकर उडतं. चकचकीत रंगात घातलं तर रंगाला पसरून समतल व्हायला वेळच मिळत नाही आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा येतो. उन्हाळ्यात तर रंगाचा थेंब प्लॅस्टिकवर पोचायच्या आधीच सुकतो आणि हात फिरवला की पूड निघते.

एक्स-२०ए हे टामियाचंच थिनर. त्यात अल्कोहोलबरोबर सावकाश उडणारा भागही असतो, म्हणून रंग थोडा पसरतो. सुरुवात करणाऱ्याने डोळे मिटून हेच घ्यावं, २५० मिलीची बाटली घेतली तर स्वस्तही पडतं.

चौथा द्रव लॅकर थिनर. टामियाचं पिवळ्या झाकणाचं किंवा मिस्टर कलर लेव्हलिंग थिनर. ॲक्रिलिकच्या बाटलीत लॅकर थिनर हे ऐकायला विचित्र वाटतं, पण या रंगाची सर्वात गुळगुळीत फवारणी याच जोडीने होते. थर पातळ बसतो, घट्ट धरतो आणि मास्किंग टेप काढताना सोबत निघून येत नाही. वास मात्र लॅकरचा येतो, तेव्हा मास्कशिवाय हा मार्ग धरू नये.

आता टामियाचे दोन सापळे. एक्स-२० आणि एक्स-२०ए यांच्यात फरक एका अक्षराचा, पण पहिलं इनॅमलचं थिनर आहे. ते ॲक्रिलिकमध्ये पडलं की कपातला सगळा रंग वाया. दुसरा सापळा असा, की टामियाच्या इनॅमल रंगांनाही एक्स आणि एक्सएफ हेच क्रमांक आहेत. एक्सएफ-१ म्हटलं की मॅट काळा, पण तो ॲक्रिलिक की इनॅमल हे क्रमांक सांगत नाही. लेबल वाचावं लागतं. लॅकरची मालिका एलपी या अक्षरांनी वेगळी ओळखता येते.

पाण्यातले रंग

व्हॅलेहो, सिटाडेल, एके थर्ड जनरेशन हे ‘दूध’ घराण्यातले. यांना पाणी किंवा कंपनीचं थिनर, बस्स. आयपीए, टामियाचं एक्स-२०ए, लॅकर थिनर यांतलं काहीही घातलं तर कण एकमेकांना चिकटतात आणि कपात रबरासारखा गोळा तयार होतो. तो गोळा एअरब्रशच्या नोझलमध्ये झाला तर सुई बाहेर काढून, नोझल उघडून, टोचून टोचून साफ करावी लागते.

नळाचं पाणी क्षारयुक्त असेल तर बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर वापरा. हाताने रंगवताना पाणी पुरेसं असतं. एअरब्रशसाठी कंपनीचं थिनर घ्यावं, कारण नुसतं पाणी पृष्ठताण कमी करत नाही आणि जास्त घातलं तर रेझिन इतकं विरळ होतं की रंग धरतच नाही, डबकी करून कडेला सरकतो. व्हॅलेहोचा फ्लो इम्प्रूव्हर हे थिनर नाही. तो रंग वाळण्याचा वेग कमी करतो, म्हणजे सुईच्या टोकावर रंग सुकून बसत नाही. दहा थेंब रंगाला एक-दोन थेंब पुरतात. जास्त झाला तर रंग दिवसभर चिकट राहतो.

मॉडेल कलर हा ब्रशसाठीचा दाट रंग आणि मॉडेल एअर हा आधीच पातळ केलेला. मॉडेल एअर ‘थेट वापरा’ म्हणून विकला जातो, तरी ०.३ मिमीच्या नोझलसाठी त्यात आणखी थोडं थिनर घातलेलं बरं.

चित्रकलेचे ट्यूबमधले ॲक्रिलिक रंग, आपल्या कॅम्लिनचेसुद्धा, याच घराण्यातले आहेत. पण ते कॅनव्हाससाठी बनवलेले. कितीही पातळ केले तरी छोट्या नोझलमधून सुखाने जात नाहीत. मॉडेलच्या तळावरची माती, चिखल, गवत यांना ते झकास.

लॅकर

मिस्टर कलर, टामिया एलपी, गाइया नोट्स. यांच्यासाठी मिस्टर कलर थिनर किंवा लेव्हलिंग थिनर. दुसऱ्यात रिटार्डर, म्हणजे वाळणं लांबवणारा भाग, आधीच मिसळलेला असतो. चकचकीत रंग, मोठा पृष्ठभाग किंवा दमट हवा असेल तर लेव्हलिंग. घाईने मॅट थर द्यायचे असतील तर साधं. दोन्हींपैकी एकच घ्यायचं असेल तर लेव्हलिंग घ्या. टामियाचे ॲक्रिलिक, एलपी, मिस्टर कलर आणि मिस्टर सर्फेसर, म्हणजे रंगाआधी द्यायचं अस्तर, हे सगळे त्या एका बाटलीत भागतात.

मिस्टर टूल क्लीनर नावाची बाटली शेजारीच असते. ती एअरब्रश धुण्यासाठी आहे. रंगात घातली तर खालचं प्लॅस्टिक खाते.

ॲल्क्लाड आणि एमआरपी यांसारखे लॅकर बाटलीतूनच फवारण्याइतके पातळ येतात. त्यांत काही घालू नका.

इनॅमल

हंब्रॉलचा १४ मिलीचा छोटा डबा अनेकांनी पहिल्यांदा हाताळलेला रंग असतो. कंपनी १९१९मध्ये इंग्लंडातल्या हल शहरात हंबर ऑइल कंपनी म्हणून सुरू झाली. नावातच तेल आहे. इनॅमलला कंपनीचं थिनर किंवा व्हाइट स्पिरिट चालतं. टामियाच्या इनॅमलला एक्स-२०. पाणी आणि आयपीए अजिबात नाही.

डबा उघडल्यावर तळाशी घट्ट थर बसलेला असतो. तो पूर्ण वर येईपर्यंत ढवळल्याशिवाय थिनर घालू नका, नाहीतर तुम्ही नुसतं वरचं तेल पातळ करता आणि वाळलेला रंग चकाकतो. मॅट रंगाला चमक आल्याच्या बऱ्याच तक्रारींचं मूळ थिनरमध्ये नसून अर्धवट ढवळण्यात असतं.

इनॅमलचा दुसरा थर एकतर पहिला ताजा असताना द्यावा, नाहीतर तो पूर्ण पिकल्यावर. मधल्या दिवसांत दिला तर नवं थिनर खालच्या अर्ध्या पिकलेल्या थरात शिरतं, तो फुगतो आणि सुरकुत्या पडतात.

हार्डवेअरच्या दुकानातलं थिनर

लिटरमागे किंमत पाहिली की मोह होतो. एनसी थिनर हे नायट्रोसेल्युलोज लॅकरसाठी, म्हणजे फर्निचर आणि गाड्यांसाठी बनवलेलं. त्यात कोणते द्रव किती प्रमाणात आहेत हे डब्यावर नसतं आणि पुढच्या डब्यात तेच मिश्रण असेल याची खात्री नसते. मॉडेल किट बहुतेक पॉलिस्टायरीनचं असतं. टोल्युइन, ॲसिटोन, ब्युटिल ॲसिटेट या सगळ्यांत पॉलिस्टायरीन विरघळतं किंवा मऊ पडतं. मॉडेलचं लॅकर थिनरही त्याला थोडं चावतं, रंग घट्ट बसतो तो त्यामुळेच. पण चावणं आणि गिळणं यांत फरक आहे. एनसी थिनरने ओला थर दिला तर पॅनेलच्या बारीक रेषा बुजतात आणि पृष्ठभागावर भेगांचं जाळं उमटतं. धातूचा एअरब्रश धुवायला मात्र ते बिनदिक्कत वापरा, फक्त रबरी रिंगा त्यात भिजत ठेवू नका. त्या फुगतात.

तरीही रंगात वापरायचंच असेल तर आधी परीक्षा घ्या. किटच्या रिकाम्या स्प्रूवर, म्हणजे सुटे भाग ज्या चौकटीला जोडून येतात तिच्यावर, एक थेंब टाका, एक मिनिट थांबा, नखाने घासा. प्लॅस्टिक चिकट लागलं किंवा चमक गेली तर ते थिनर मॉडेलपासून दूर ठेवा.

दुकानात ‘टर्पेंटाइन’ मागितलं तर बहुधा मिनरल टर्पेंटाइन मिळतं. तैलरंगाच्या वॉशला, म्हणजे खाचांत सावली उमटवणाऱ्या अगदी पातळ रंगाला, ते चालू शकतं. पांढऱ्या कागदावर थेंब टाकून रात्रभर ठेवा. सकाळी तेलकट डाग राहिला असेल तर तो डाग मॉडेलवरही राहणार. रॉकेल याच कारणाने बाद. नेलपॉलिश रिमूव्हर म्हणजे बहुतेकदा ॲसिटोन आणि वर सुगंध, तेल, तेही बाद. सॅनिटायझरमध्ये बहुतेकदा जेल असतं, म्हणून अल्कोहोल असूनही उपयोगाचा नाही.

किती घालायचं

एअरब्रशचं नोझल ०.३ मिमी आणि दाब १५ ते २० पीएसआय धरला तर सुरुवातीचं प्रमाण असं. टामिया ॲक्रिलिक: एक भाग रंग, एक भाग थिनर. मिस्टर कलर: एक भाग रंगाला एक ते दोन भाग. सर्फेसरलाही तेवढंच. मॉडेल कलर: एकास एकच्या आसपास, थेंबाथेंबाने वाढवत. हंब्रॉल: एकास एक. बारीक रेषांचं कॅमोफ्लाज करायचं असेल तर आणखी थिनर आणि दाब १० ते १२ पर्यंत खाली. थिनर वाढवून दाब तसाच ठेवला तर रंग कोळ्याच्या पायांसारखा फाटे फोडत पळतो.

हे आकडे निव्वळ सुरुवातीचे. बाटली अर्धी वापरून झाली की तिच्यातला द्रव उडून रंग दाट झालेला असतो, मग एकास एक पुरत नाही. म्हणून कपाच्या भिंतीवर पाहायचं. मिश्रण काडीने भिंतीवर चढवा. साय काढलेल्या दुधासारखं खाली ओघळलं आणि मागे पातळ, अर्धपारदर्शक पडदा राहिला तर जमलं. भिंत लगेच स्वच्छ दिसली तर जास्त पातळ झालं. जाड थर तसाच बसून राहिला तर आणखी थिनर हवं.

मापायला सुईविना सिरिंज घ्या, औषधाच्या दुकानात मिळते. वेगवेगळ्या द्रवांचे थेंब मोजून प्रमाण धरू नका. अल्कोहोलचा पृष्ठताण कमी असल्याने त्याचा थेंब पाण्याच्या थेंबापेक्षा बराच लहान पडतो. म्हणजे ‘दहा थेंब रंग, दहा थेंब आयपीए’ हे एकास एक नव्हे. १/७२ मापाच्या लढाऊ विमानाच्या एका रंगाला एकूण दोन-तीन मिली मिश्रण पुरतं.

क्रम असा: आधी बाटली नीट ढवळा, लागेल तेवढा रंग कपात काढा, मग थिनर थोडं थोडं घालत ढवळा. सगळं एकदम ओतलं तर रंगद्रव्य गोळा होऊ शकतं. उरलेलं मिश्रण मूळ बाटलीत परत ओतू नका. लॅकरचं मिश्रण वेगळ्या काचेच्या बाटलीत टिकतं, पाण्यातल्या रंगाचं मिश्रण काही दिवसांत खराब होतं, वास येतो.

कपही पाहून घ्या. तळाच्या त्रिकोणात ६ आकडा असेल तर तो पॉलिस्टायरीन, लॅकर थिनर घातल्यावर टेबलावर गळेल. ५ आकडा म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, तो चालतो. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरचं मापाचं झाकण अनेकदा याच प्लॅस्टिकचं असतं.

हवामान

मुंबई-कोकणात पावसाळ्यात लॅकर फवारला की काळा रंग दुधाळ पडतो. याला ब्लशिंग म्हणतात. थिनर झपाट्याने उडताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन जातं, पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतली वाफ त्या ओल्या रंगावरच जमते. माठ गार होतो त्याच न्यायाने. उपाय म्हणजे उडणं सावकाश करणं: लेव्हलिंग थिनर वापरा किंवा साध्या थिनरमध्ये ५ ते १० टक्के रिटार्डर घाला. त्याहून जास्त घातला तर रंग वाळतच नाही. आधीच दुधाळ पडलेल्या थरावर, हवा कोरडी असताना, नुसत्या लेव्हलिंग थिनरची हलकी फवार द्या. थर थोडा सैल होतो, अडकलेली ओल निघून जाते आणि रंग परत येतो.

विदर्भात मे महिन्यात उलटी अडचण. फवार हवेतच सुकते, पृष्ठभाग खरबरीत होतो, सुईचं टोक दर दोन मिनिटांनी बुजतं. तिथेही उत्तर रिटार्डरच, शिवाय एअरब्रश मॉडेलच्या जवळ न्या आणि सकाळी लवकर काम उरका. एकाच रंगाला जुलैत रत्नागिरीत आणि मे महिन्यात नागपुरात एकच थिनर मानवतं ते असं.

थरावर थर

वरच्या थराचं थिनर खालच्या वाळलेल्या थराला विरघळवणारं नसावं. म्हणून खाली लॅकर, मध्ये ॲक्रिलिक, वर इनॅमल किंवा तैलरंगाचा वॉश हा क्रम निर्धोक. व्हाइट स्पिरिट वाळलेल्या लॅकरला हात लावत नाही, त्यामुळे वॉश चुकला तरी बोळ्याने पुसून काढता येतो. उलट वाळलेल्या इनॅमलवर ओला लॅकर म्हणजे पेंट रिमूव्हर ओतण्यासारखं.

टामिया ॲक्रिलिक ब्रशने लावताना दुसऱ्या हातात पहिला थर उखडतो तो याच कारणाने: रंगातला द्रव स्वतःच्याच वाळलेल्या थराला सोडवतो. थोडा रिटार्डर घाला, ब्रश एकाच जागी परत फिरवू नका, आणि दुसरा हात दुसऱ्या दिवशी. ब्रशनेच सगळं रंगवायचं असेल तर खरं म्हणजे पाण्यातला रंग घ्यावा.

गनप्लाचे, म्हणजे जपानी गंडम यंत्रमानवांचे, किट करणाऱ्यांसाठी एक सावधगिरी. त्यातले काही सांधे एबीएस प्लॅस्टिकचे आणि ताणाखाली बसवलेले असतात. इनॅमलचा पातळ वॉश त्यांच्या फटींत शिरला की प्लॅस्टिक तडकतं. अशा भागांना वॉश देण्याआधी ते सुटे करा आणि फवारलेल्या वार्निशने झाका.

वास, आग, सांडपाणी

कापडी मास्क सोडाच, रंगाचे कण अडवणारा एन-९५सुद्धा थिनरची वाफ अडवत नाही. सेंद्रिय वाफेसाठीचं काडतूस असलेला अर्धा मास्क लागतो. आयपीएची वाफ १२ अंश सेल्सिअसच्या आसपासही पेट घेऊ शकते, ॲसिटोनची तर शून्याच्याही बरीच खाली. ही वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरते. देवघरातलं निरांजन, गॅस शेगडी किंवा गीझरचा पायलट दुसऱ्या खोलीत आहे एवढ्यावर निश्चिंत राहू नका, दार बंद आणि खिडकी उघडी हवी.

वापरलेलं थिनर मोरीत ओतायचं नाही. काचेच्या बरणीत साठवा. आठवड्याभरात रंगद्रव्य तळाशी बसतं आणि वरचं निवळ द्रव पुढच्या वेळी एअरब्रश धुवायला कामी येतं. बरणीवर आत काय आहे ते लिहून ठेवा, कारण नितळ झाल्यावर इनॅमलचं, लॅकरचं आणि आयपीए सगळी सारखीच दिसतात.